राहीबाईच्या घरची चौकशी

राहीबाई नवऱ्याला, सयाजीला, कुशीवर वळवत होती, तेवढ्यात पडवीत चपला वाजल्या. वाडीचा मेंबर मुरारी आणि ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसणारी सरिता, दोघं चौकशीला आले होते. ते येणार हे राहीबाईला ठाऊक होतं. पण पडवीतच बोलतील, आत येणार नाहीत, असं तिने धरलं होतं. मुरारी सरळ आत आला आणि सयाजीच्या उशाशी बसला.

चार वर्षांपूर्वी सयाजी फणसावरून पडला, तेव्हापासून त्याला कमरेखाली हालचाल नव्हती. पाठीला जखमा होऊ लागल्यावर डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली. तिचा पंप रात्रंदिवस विजेवर चाले. लाईट गेली की गादी बसे आणि सयाजी दात आवळून पडून राही. राहीबाई बिरवाडीच्या खानावळीत भाकऱ्या भाजायला जायची. जखमा वाढल्या तसं तेही सुटलं. तीन बिलं थकली. सोमवारी कनेक्शन तोडावं लागेल, असं वायरमन खाली मान घालून सांगून गेला होता.

अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि मुलाबाळांचा हातभार नाही, अशा घरांचं बिल ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून भरायचं, असा ठराव गेल्या महिन्यात झाला होता. हातभार नाही, तिथेच राहीबाईचं घोडं अडलं होतं.

राजेश तिचा एकुलता एक. बाप पडला तेव्हा मुंबईहून आठ दिवस येऊन गेला, दोनदा पैसे पाठवले, मग त्याचा नंबरच लागेनासा झाला. राहीबाईने हे कोणालाच कळू दिलं नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती सयाजीला सांगायची की राजेशचे पैसे आले, तुमची चौकशी करत होता. वाडीतही तेच सांगायची. खरं ती फक्त सरिताशी बोलली होती, अर्ज देताना, हळू आवाजात. आणि घरी येऊन हा विषय काढू नकोस, अशी विनवणीही केली होती.

सरिताने फाईल उघडली. मुलाच्या हातभाराचा प्रश्न सोडून ती पुढचं लिहू लागली. पण मुरारीच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने सहजच विचारलं.

"राजेश धाडतो ना गो वयनी पैसं? तू तर सांगत हुतीस."

राहीबाईने सयाजीकडे पाहिलं. तो वर कौलांकडे बघत होता.

"धाडतो की," ती म्हणाली. "दर म्हयन्याला."

सरिताचं पेन थांबलं. हे लिहिलं की अर्ज बाद. काकी, नीट आठवून सांगा, असं ती म्हणाली.

"आठवायचं काय त्यात? पोटचा पोर हाय."

"नाय धाडत," सयाजी म्हणाला. "लिही तू, पोरी."

 सयाजीची नजर कौलांवरून हलली नाही.

"ही गादी त्याने धाडली म्हणून सांगितलं हिने. पिशवी मुंबईची नाय, महाडच्या दुकानाची हुती. हिच्या गळ्यातली सोन्याची माळ त्याच दिवशी गेली." मग तो म्हणाला, "इतकं जुळवून सांगायची, माझ्याच्यानं मोडवलं नाय."

राहीबाईला रडू आलं नाही. चोरी पकडली जावी तशी ती अंग चोरून उभी राहिली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की आता पहिल्या आठवड्यात सांगायला काही उरलं नाही. सयाजीला सांगता सांगता तिलाही राजेश दिसायचा. कामावरून सुटलेला, दमलेला, बा जेवला का म्हणून विचारणारा. ते सांगणं घडीभर खरं वाटायचं. तो राजेशही आज गेला.

सरिताने खाली मान घालून लिहिलं. मग विचारलं, "काका, घरात माणसं किती लिहू?"

रेशनकार्डावर तीन होती.  सयाजीने मान वळवून राहीबाईकडे पाहिलं आणि तसाच पाहत राहिला.

"दोन," राहीबाई म्हणाली.

सयाजीने फणसावरून पडताना हातही मोडून घेतला होता, त्याला सही जमत नसे. सरिताने त्याचा अंगठा शाईच्या डबीत टेकवून कागदावर उमटवला. बिल उद्याच भरलं जाईल, सोमवारी कोणी येणार नाही, असं तिने सांगितलं. जाताना मुरारी दाराशी घुटमळला. मला ठावं नव्हतं वयनी, एवढंच म्हणाला आणि गेला.

राहीबाईने पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि सयाजीचा अंगठा पुसायला घेतला. शाई लगेच निघाली. तरी ती पुसत राहिली आणि त्याने हात मागे घेतला नाही.