दोन लेबलांची नळी

हैदराबादच्या लॅबला दीपमालाच्या अनुभवाचं पत्र आज पाचच्या आत हवं होतं, तेही उमरग्याच्या लॅबच्या स्वतःच्या ई-मेल पत्त्यावरून. तिच्या लॅबचे मालक मुनवर सर यांनी ते सकाळपासून दोनदा पाठवलं आणि दोन्ही वेळा ते परत आलं. पाठवणाऱ्याची ओळख पटत नाही, असा शेरा होता.

"मी ओळखू येत न्हाय व्हय त्यांना?" सर म्हणाले. "हायवेवरचा प्रत्येक ड्रायव्हर मला ओळखतो."

"तुम्ही नाही, सर. आपला पत्ता."

दीपमाला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होती. इथं साखर, थायरॉइड आणि लघवी तपासत चार वर्षं गेली. हैदराबादला ती जे शिकली तेच काम होतं: जंतू वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते शोधायचं. पाचपर्यंत पत्र आलं नाही, तर ती जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

तिनं डोमेनचं, म्हणजे लॅबच्या पत्त्यातल्या नावाच्या नोंदणीचं, पान उघडलं. ओटीपी सरांच्या फोनवर आला. त्यांनी तो आकडा आकडा करत मोठ्यानं वाचला.

डोमेनच्या नावाखाली साध्या मजकुराच्या नोंदी होत्या, टीएक्सटी रेकॉर्ड. त्यातली एसपीएफ ही ओळ सांगते, की या नावानं मेल पाठवायची मुभा कोणत्या सेवांना आहे. इथं तशा दोन ओळी होत्या. पहिली सरांच्या धाकट्या भावानं, मुजफ्फरनं, ऑफिसच्या मेलसाठी लावलेली. दुसरी गेल्या महिन्यात रिपोर्टच्या सॉफ्टवेअरवाल्यानं, पहिली न वाचताच, खाली चिकटवलेली.

"दोन असल्या तर बिघडलं कुठं? पुरावा जास्तच झाला की."

"एका नळीवर दोन लेबलं असली तर तुम्ही काय करता?"

"फेकतो. कुणाचं रगत म्हणून सांगायचं?"

"पत्र घेणारी हैदराबादची यंत्रणाही तेच करते."

"मग दुसरी काढ. मुजफ्फरच्या ओळीला हात लावू नको. मागं त्याची खुर्ची हलवली तर आठवडाभर बोलला न्हाय."

"दोन्हीची गरज आहे, सर. एकाच ओळीत घालते."

तिनं सॉफ्टवेअरची मुभा मुजफ्फरच्या ओळीत घातली, ओळ संपवणाऱ्या 'ऑल' या शब्दाच्या आधी. त्या शब्दापुढचं कुणी वाचत नाही. मग खालची ओळ पुसली. जुनी नोंद सगळीकडून जायला तासभर लागेल, असं पानावर लिहिलं होतं.

थांबणं आलं. फ्रीज आणि सेंट्रिफ्यूजच्या मधे तिची खुर्ची जेमतेम मावायची. ट्रक गेला की खिडकीची काच थरथरे. सरांनी चहा मागवला.

"तू गेल्यावर हे कोण बघणार?"

"सगळं लिहून ठेवलंय."

"लिहिलेलं समजणारं माणूस पायजे ना, बेटा."

सर बराच वेळ पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळचं पत्र घाईत लिहिलं होतं. जरा नीट लिहितो," आणि आपल्या केबिनमध्ये गेले.

पाचला थोडाच वेळ असताना त्यांनी पत्र पाठवलं. एक प्रत तिलाही आली. तिनं आधी मेलची तांत्रिक माहिती उघडली. एसपीएफ: पास. पत्र परत आलं नाही. मग तिनं मजकूर वाचायला घेतला.

'दीपमाला यांचं काम उत्तम आहे. त्यांच्यावाचून आमची लॅब चालणं अशक्य असल्यानं, दुसरं माणूस तयार होईपर्यंत, निदान एक वर्ष, आम्ही त्यांना सोडू शकत नाही.'

हैदराबादला माणूस सोमवारी हवं होतं.

तिनं ओळ पुन्हा तपासली. ओळ बरोबर होती. पत्र कुणी पाठवलं एवढंच ती सांगायची. आत काय आहे, याची हमी लेबल कधीच देत नाही.

"पोचलं का, बेटा?" सरांनी केबिनच्या काचेपलीकडून विचारलं. त्यांचा चेहरा खुललेला होता.

"पोचलं, सर."

"बघ! तुझ्याशिवाय कुणाला जमलं असतं हे?"