कळकलेला गोडवा

मी एक कढई. पितळेची, दोन कड्यांची. गोडाधोडात आयुष्य गेलं, तरी आज बोलणार आहे ते कडूच.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. एका बाईने मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं, आणि लेक सासरी आली तशी तिच्यासोबत मीही आले. ती घरातली धाकटी सून, म्हणून सगळ्यांची धाकटीच. घाटातल्या रस्त्यावर त्या घराचं चहाचं दुकान होतं. पुढे गल्ल्यावर थोरली जाऊ बसायची. मागे पडद्याआड चुलीपाशी धाकटी आणि मी.

धाकटी रानातल्या आंबट फळांचा मुरंबा करायची. माझी कल्हई जरा उडाली की ती काम थांबवून आधी कल्हई करून आणायची. उघड्या पितळेत आंबट शिजवलं की कळकतं, पोटाला बाधतं, हे तिला आईने शिकवलं होतं. पाक होत आला की ढवळता ढवळता मला दटावायची, "आता नाटकं नकोत. बुडाला धरू नकोस." मी कधी धरलं नाही.

एकदा एक प्रवासी थांबला. गावोगावचे पदार्थ शोधून खायचे आणि त्यांच्याबद्दल लिहायचं, हाच त्याचा धंदा. त्याने मुरंबा चाखला, डोळे मिटले, आणखी मागितला. मग विचारलं, "हा करतं कोण?"

"मी," थोरली म्हणाली.

पडद्याआड धाकटीचा हात थांबला. त्या दिवशी पहिल्यांदा पाक माझ्या बुडाला लागला.

थोरलीने मला बाहेर आणवलं, माझ्या कडीला धरून फोटो काढून घेतला. तो छापून आला आणि दुकानापुढे गाड्यांची रीघ लागली. मग पाटी झळकली, 'थोरल्या बाईंच्या हातचा मुरंबा'. धाकटीने नवऱ्याजवळ विषय काढला, तर तो म्हणाला, नाव कुणाचंही असो, आहे तर घरातलंच. तिने थोरलीलाच सांगितलं, पाटीवर माझंही नाव घाला. थोरली हसली. दोन नावं लिहिली तर लोकांचा गोंधळ होईल, म्हणाली. महिनाभरात धाकटी नवऱ्याला घेऊन शहरात गेली आणि एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागली.

मी मात्र दुकानातच राहिले. आता थोरली चुलीपाशी आली. साखर ओतायची, घाईघाईने ढवळायची. कल्हईसाठी दुकान बंद ठेवणं तिला परवडेना. कल्हई गेली, मुरंबा कळकू लागला. मला वाटलं, आता लोक थुंकतील. तोच प्रवासी पुन्हा आला. त्याने चमचा तोंडात घातला, आणि मी जीव मुठीत धरून बसले.

"वा! ही तुरट चव शहरात कुठे मिळायची?" तो सोबतच्यांना म्हणाला. "याला म्हणतात अस्सल."

मागच्या खेपेला अशी चव नव्हती, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

नंतर एकदा धाकटी मला न्यायला आली. माझ्या आईने दिलेली आहे, तेवढी द्या, म्हणाली.

"फोटोत आहे ती," थोरली म्हणाली. "लोक तिला बघायला येतात. तू दुसरी घे."

धाकटीने माझ्या आतून बोट फिरवलं. बोटाला हिरवट लागलं. "मग निदान कल्हई तरी करून घ्या, जाऊबाई. लोकांच्या पोटात जातंय."

"कुणी तक्रार केलीय का?"

तक्रार खरंच कुणी केली नव्हती. धाकटीने पदराला बोट पुसलं आणि ती उतारावरून चालू लागली.

हल्ली मला रोज चिंचेने लखलखीत घासतात, पण बाहेरून, फोटोपुरतं. आत मात्र हिरवा थर चढतोय. दुरून येणाऱ्या खवय्यांनो, माझ्यातलं खाऊ नका. कुणाला दया आलीच तर मला मोडीत घाला. पण ते कोण करणार? आता मी प्रसिद्ध आहे.