पुतळा जिकडे बघतो

आमच्या चौकातल्या पुतळ्याचं धड एकच आहे, डोकी तेवढी बदलतात. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे, पण चारचौघांत कुणी बोलून दाखवत नाही. धड ओतलं माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी, राजासाठी. लांब कोट, एक हात कमरेवर, दुसऱ्यात कागदाची गुंडाळी. राजा गेला, परके आले, त्यांच्या गव्हर्नरचं डोकं बसलं. ते गेले, सेनापती आला. त्याच्यासाठी कोटावर पदकं चढवली, तो गेल्यावर कानशीने घासून काढली. उतरवलेली डोकी आमच्या कारखान्यात भट्टीमागच्या फळीवर असतात. राजाच्या डोक्यावर माझ्या सासूबाई ओले पंचे वाळत घालायच्या. धातू तापलेला असतो, लवकर वाळतात म्हणायच्या.

मानेला आतून आटे आहेत. डोकं फिरवून बसवायचं आणि वर एक खीळ मारायची, बस. मान कायमची जोडायची नाही, हा आमच्या घराण्याचा नेम. माझे सासरे, म्हणजे मामंजी, सांगतात, "बसवताना पुढच्या माणसाचा विचार करावा. उतरवणाराही आपलाच कुणीतरी असणार."

डोकं बदललं की नव्या मालकाच्या मर्जीप्रमाणे धडही वळवतात. राजाला महालाचा रस्ता दिसायला हवा होता, मधली घरं गेली. गव्हर्नरला जकातीचं ऑफिस बघायचं होतं, मधला बाजार गेला. सेनापतीला परेड बघायची हौस, म्हणून शाळेचं मैदान गेलं. ज्याच्या हातात पैसा आणि शिपाई, त्याचा पुतळा जिथे बघेल तिथे गाव मोकळं होत आलंय. लग्न होऊन आले तेव्हा मला ही गोष्ट फार मजेची वाटली होती.

मग गिरणीवाल्या शेठांनी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, आणि माझी मजा संपली.

गिरणी शेठांची, वर्तमानपत्र शेठांचं, नदीकाठी नवं हॉटेल बांधतायत तेही शेठांचं. जिवंतपणीच चौकात उभं राहायचा त्यांचा बेत ठरला, आणि पुतळ्याने बघायचं होतं नदीकडे, म्हणजे हॉटेलकडे. चौक आणि नदी यांच्या मधोमध आमची गल्ली. निवडणूक झाली की गल्ली पाडून सरळ रस्ता काढायचा, असं नगरपालिकेत ठरूनही गेलं. वर राहतं घर, खाली भट्टी, असं आमचं सगळं एका भिंतीत. भट्टी काही खुर्ची नव्हे, उचलली आणि दुसरीकडे ठेवली. ती गेली की आमचा धंदा गेला, आणि मामंजींनी जगायचं कशासाठी हे मला कळत नव्हतं.

त्यात डोक्याची ऑर्डरही आमच्याकडेच आली. मी ताडकन म्हटलं, "आपलं घर पाडणारं डोकं आपणच ओतायचं? मला नाही पटत."

"मग दुसरा ओतेल," मामंजी म्हणाले. "घर जायचं ते जाईलच. निदान काम तरी बरं होऊ दे."

शेठांचे सेक्रेटरी रोज येऊन भट्टीपासून लांब, नाकाला रुमाल लावून उभे राहायचे. धड नवं करायला शेठ तयार नव्हते. एवढं धडधाकट धड असताना खर्च कशाला, म्हणाले. शेठ अंगाने काडी, म्हणजे फायदा त्यांचाच होता. वाद झाला तो कानांवरून. शेठांचे कान चांगले सुपाएवढे आहेत. त्यांच्या पाठीमागे सगळं गाव त्यांना कानशेठ म्हणतं.

"कान जरा आवरते घ्या," सेक्रेटरी म्हणाले.

"कान आवरले तर ओळखणार कसं?" मामंजी म्हणाले. "पुतळा माणसाचा करायचाय ना?"

जाता जाता सेक्रेटरींनी बजावलं, "आणि डोकं वेल्डिंगने पक्कं जोडायचं. शेठ आता इथे कायमचे आहेत."

मामंजींनी होकाराची मान डोलावली. मी ऐकलं, माझ्या नवऱ्याने ऐकलं. पण बसवायच्या दिवशी मामंजी स्वतः शिडीवर चढले, डोकं आट्यांवर फिरवलं, खीळ मारली, हात पुसले आणि उतरले. जन्मभराची हाताची सवय. वेल्डिंगचं कुणाच्याच डोक्यात राहिलं नाही. मी तर त्या दिवशी घरातली भांडी पेटीत भरत होते आणि मनातल्या मनात शेठांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

अनावरणाला चौक फुलून गेला होता. पुढे खुर्च्यांवर बडी मंडळी, मागे गिरणीचे कामगार, त्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन आणलेलं. त्यांच्या खोल्या पुतळ्याच्या डाव्या हाताला, जरा मागच्या बाजूला, उघड्या गटाराच्या काठाने. राजाला त्या दिसल्या नाहीत, गव्हर्नरला नाही, सेनापतीलाही नाही. त्या बाजूला कुणी तोंडच केलं नव्हतं.

शेठांनी स्वतःच दोरी ओढली. कापड घसरलं आणि पुतळ्याच्या कानाला अडकलं. त्यांनी जोर लावला. सेक्रेटरी धावत आले, त्यांनीही दोरीला हात घातला. कट्कन खीळ तुटली, कापड खाली पडलं आणि पुतळ्याचं डोकं सावकाश डाव्या खांद्यावर वळून थांबलं.

मी मामंजींकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता आणि त्यांचा हात खिशात काहीतरी शोधत होता. बहुतेक हातोडी. मला वाटलं, संपलं. आता घर तर जाणारच, वर पोलीसही येणार. मी त्यांचा दंड घट्ट धरला.

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला. साधा, चकित झालेला. "अगं, शेठ आपल्या खोल्यांकडे बघतायत."

कुणीतरी टाळी वाजवली. मग मागची सगळी गर्दी वाजवायला लागली, आणि ती टाळी भाड्याने आणलेली नव्हती. मतं किती आणि कुठे बसली आहेत हे शेठांना पुढच्या खुर्च्यांपेक्षा चांगलं कळतं. त्यांनी क्षणभर वर बघितलं, क्षणभर मागे, आणि माईक हातात घेतला.

"मी मुद्दामच सांगितलं होतं," शेठ म्हणाले. "माझा पुतळा पुढे चालेल, पण ज्यांच्या जिवावर चालतो त्यांच्याकडे वळून बघेल."

एवढं धडधडीत खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि इतकं गोडही. मी चबुतऱ्याच्या पायरीवर बसले आणि हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. मामंजी मात्र पुतळ्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी शेठांच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो आला, वळलेल्या मानेचा. आणि दुपारी सेक्रेटरी आमच्या दारात. मामंजी उठून उभे राहिले. मी दारातच आडवी उभी राहिले, जे बोलायचं ते आधी मला बोला, अशी.

"रस्ता रद्द," सेक्रेटरी म्हणाले. रुमाल हातात, नाक उघडं. "शेठ नदीकडे बघतच नाहीत तर रस्ता काढून करायचंय काय? आता गटार झाकायचंय, खोल्यांना रंग द्यायचाय. लोक पुतळ्याचा फोटो काढतात, मागे गटार दिसतं."

"म्हणजे गल्ली राहिली?" मी विचारलं.

"राहिली हो बाई. फक्त ते डोकं आहे तसंच पक्कं करा. वारं सुटलं आणि परत वळलं तर शेठांची शोभा व्हायची. दोन टाके मारले तरी चालतील."

ते गेले आणि मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. नवरा म्हणाला, चहा टाकतो, आणि साखर कुठल्या पेटीत भरलीय ते शोधत राहिला.

संध्याकाळच्या आत मामंजी वेल्डिंगचं सामान घेऊन चौकात गेले. मी शिडी धरली. दोन टाके मारून उतरतील असं मला वाटलं, पण ते मानेभोवती फिरत राहिले. पुढून, मागून, कानांच्या खालून, सगळा सांधा त्यांनी भरून काढला आणि कानशीने गुळगुळीत केला. खाली मागच्या खोल्यांपुढे माणसं गटारावर टाकायच्या फरश्या उतरवत होती.

"दोनच सांगितले होते, मामंजी," मी म्हटलं. "आणि आपल्या घराण्याचा नेम?"

त्यांनी चष्मा वर सारला आणि सांध्यावरून अंगठा फिरवून बघितला.

"निवडणूक झाल्यावर शेठांना परत नदी आठवेल," ते म्हणाले. "आठवू दे. आता त्यांनी स्वतः सांगितलं तरी वळायचं नाही."

मग ते सावकाश उतरले. घरी येऊन मी पेट्या उघडल्या आणि भांडी परत फळीवर लावली.