तेलावर गंधक

मित्रांनो, मी एक जुना भाता आहे. लोहाराचा नव्हे, तो नुसता वारा घालतो. मी द्राक्षबागेत गंधक उडवतो. दोन फळ्या, मधे कातडं, पुढे पत्र्याची चोच. सुतार म्हणाला होता, "नातवंडांना पुरेल." फळ्यांपुरतं तरी खोटं नाही बोलला मेला.

वेलींवर भुरी नावाची बुरशी येते. दिसते सांडलेल्या पिठासारखी, पण द्राक्षाचे मणी तडकवते. ती यायच्या आधीच पानांवर पिवळी पूड बसायला हवी. नंतरची धावाधाव म्हणजे वरातीमागून घोडं. आमच्या मालकीणबाई वारा पडलेला बघून, तोंडाला फडकं बांधून सकाळीच मला चालवत. ऊन तापलं की हात थांबला, कारण तापल्या उन्हात गंधकाने पान भाजतं. वीस वर्षं बागेत पान करपलं नाही. लोक त्यांना विचारायला येत, आणि मी खुंटीवर फुगून बसे.

मग सून आली, पाठीवरचा पंप घेऊन.

"आई, तो भाता आता चुलीत घाला."

"आधी तुझा पंप किती उन्हाळे काढतो ते बघू!"

एवढ्यावरून अबोला. आठ महिने दोघी भिंतीशी बोलल्या.

त्या वर्षी पानांमागे लाल कोळी, म्हणजे रस शोषणारे बारके किडे, पडले. सोमवारी सुनेने वेलींवर किडीवरचं तेल फवारलं आणि तेलकट पंप माझ्याशेजारी टांगला. सांगितलं कुणालाच नाही. तेलावर निदान पंधरा दिवस गंधक पडू नये, पान जळतं. सुनेला हे ठाऊक नव्हतं. मालकीणबाईंना पाठ होतं. पण शुक्रवारी मला काढताना सुनेच्या पंपाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मी उडवलं, मित्रांनो. ओळीमागून ओळ. भात्याला नाही म्हणता येत नाही.

रविवारी पानं कडेने करपली. मग कोवळे घड सुकले.

"काय मारलं होतंस?" मालकीणबाईंनी विचारलं.

"तेल. सोमवारी."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं?"

"आणि तुमचं? तुम्ही विचारलंत?"

मालकीणबाई वळून सुकलेले घड तोडू लागल्या.

त्या हंगामात एक टोपली निघाली नाही. मालकीणबाईंचा मुलगा परक्या बागेत मजुरीवर फवारणीला जाऊ लागला. मालकीणबाईंनी मला पुन्हा हात लावला नाही. माझं कातडं उंदरांनी खाल्लं.

मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. माझं झालं. पण वेलीवर काहीही मारलंत, तर घरात सांगा. भांडण असेल तर शिव्या देऊन सांगा, पण सांगा.