संतोषरावांच्या पलंगाचे पाय

पुरात नदीने ज्ञानबाच्या दारातल्या चपला सोडल्या आणि घरातला पलंग नेला. नदीला पारख होती. पाणी उतरल्यावर पलंग बाभळीत अडकलेला सापडला, एकाच पायानिशी. बाकीचे तीन पाय नदीच्या खालच्या अंगाला, हट्टा गावाच्या दिशेने निघून गेले होते.

पलंगावाचून ज्ञानबाचं स्वतःचं काही अडत नव्हतं. तो मेंढरं राखणारा माणूस, धोंड्यावरही घोरायचा. पण लेक मोहिनीचा पहिला दिवाळसण होता आणि बाळापूरचे जावई संतोषराव रुसण्यात तरबेज होते. लग्नात मोडका पापड वाढला म्हणून ते मांडवातून उठून थेट बसस्टँडवर जाऊन बसले होते, बाशिंगासकट.

"त्यांना खाली झोपवलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागंल," चंद्रभागाबाईने नवऱ्याला बजावलं.

गावचा सुतार शिवहार पूरवाल्यांचं सामान फुकट नीट करून देत होता. त्याच्या अंगणात अख्ख्या गावाचं लाकूड सुकत पडलं होतं, आणि त्याची पद्धत सरळ होती: हाताला येईल ते, बसेल तिथं बसवायचं. पलंग चार पायांवर उभा राहिला. एक पाय आखूड निघाला, त्याखाली वीट आली.

दिवाळीला संतोषराव आले, उटणं लावून न्हाले, फराळ हाणून पलंगावर आडवे झाले. तेवढ्यात दारात शेजारचे माणिकराव गरजले, "ज्ञानबा, पाय काढा! आत्ताच्या आत्ता पाय काढा!"

मागून पलीकडच्या घरातली सुमनबाई आली. "दुसऱ्याच्या पायावर खुशाल पसरून राहिले! शरम न्हाई का?"

संतोषराव उठले. बॅग उचलली. "काढतो पाय. एवढं स्पष्ट कोणी बोललं न्हवतं."

"तुमचे न्हाई हो, पावणे! पलंगाचे!" ज्ञानबाने जावयाचे पाय धरले. एक माणूस पाय काढा म्हणत होता, दुसरा सोडत नव्हता. संतोषरावांना कळेना नेमकं काय करावं.

मग उलगडा झाला. दोन पाय माणिकरावांच्या दिवाणाचे होते आणि आखूड पाय सुमनबाईच्या देवाच्या चौरंगाचा.

"देव तीन पायांवर कलंडून राहिला माझा," सुमनबाई म्हणाली.

"म्हंजे मी देवाच्या पायावर झोपलो व्हतो?" संतोषरावांनी बॅग खाली ठेवली. "मंग दिवाळसणाला मला हाच पलंग पायजे. न्हाईतर हे निघालो."

पलंगातला ज्ञानबाचा स्वतःचा पाय एकच. त्याने माणिकरावांकडे पाहिलं, मेंढरू कसायाकडे पाहतं तसं.

माणिकरावांनी मिशी चावली. "गावचा जावई. न्हाई कसं म्हणावं? पण भेट म्हंजे नाव पडलं पायजे."

"बराबर," सुमनबाई म्हणाली. "माझंबी टाका."

शिवहार रंगाचा डबा घेऊन आला. पायांवर अक्षरं उमटली: 'माणिकराव व परिवाराकडून सप्रेम पाय.' 'सुमनबाईकडून सप्रेम पाय (देवाचा).'

पलंग टेम्पोत चढला. संतोषराव त्यावरच बसून निघाले, हसत. ज्ञानबाचा जीव भांड्यात पडला. सुमनबाईने देवाच्या पायाला हात जोडले.

संतोषरावांना वाटलं, आपल्यालाच. त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला.