तांब्याचं कडं आणि समीक्षाचा गुडघा

बुधवारी दुपारी चार वाजताच महागावच्या कबड्डी मैदानावर पाय ठेवायला जागा उरली नाही. बाजार उरकून आलेले शेतकरी होते, कॉलेजची पोरं होती, मोटारसायकलच्या सीटवर चढून माना लांबवणारे होते. मधोमध विश्वंभर महाराज. अंगात निळा ट्रॅकसूट, गळ्यात भगवा गमछा.

"पाय जोडून उभा राह्य, बेटा. उजवा हात आडवा."

महाराजांनी संघातल्या अमरसिंगच्या मनगटावर फक्त दोन बोटं दाबली. ऐंशी किलोचा, रेडरला कमरेतून उचलून आपटणारा अमरसिंग भरल्या पोत्यासारखा बाजूला कलंडला. लोक हसले. मग त्याच्या मनगटात तांब्याचं कडं चढलं. या वेळी महाराज त्याच हातावर दोन्ही हातांनी लटकले. कपाळाच्या शिरा फुगल्या, तोंड लालभडक झालं, आणि अमरसिंग खांबासारखा जागच्या जागी. मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"शरीर म्हणजे बॅटरी," महाराज घाम पुसत म्हणाले. "डॉक्टर लोक हाडात लोखंडाचा स्क्रू ठोकतात, बॅटरी शॉर्ट होते. तांब्यानं अर्थिंग मिळते. हे सायन्स आहे. अमेरिकेतले खिलाडी हे कडं चोरून घालतात."

एवढं सायन्स असेल तर चोरून का घालतात, हे कुणीच विचारलं नाही.

गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या अनघाच्या ओठांवर तो प्रश्न आला होता, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. गोलात आता समीक्षा शिरत होती.

अनघा पुसदची. फिजिओथेरपीची पदवी घेऊन ती नागपूरला खेळातल्या दुखापतींवर पदव्युत्तर शिक्षण घेत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या कबड्डीपटूंनी मैदानात केव्हा परतावं, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तीन तालुक्यांतले चौदा खेळाडू दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे तपासणीला यायचे. महाराज फिरू लागल्यापासून आठ जण यायचे बंद झाले होते. मार्गदर्शक सरांना फोन केला तर ते म्हणाले, नवे खेळाडू शोधून संख्या भरून काढा. जणू गुडघे किराणा दुकानात मिळतात.

समीक्षा त्या चौदांतली सगळ्यात चपळ. एकोणीस वर्षांची रेडर. पाच महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं आणि ऑपरेशन झालं. येत्या रविवारी यवतमाळला जिल्हा संघाची निवड होती, आणि पोलीस भरतीत खेळाचं प्रमाणपत्र मिळवायचं तर तिला तो संघ हवाच होता. अनघा तिला बजावून थकली होती की नऊ महिन्यांच्या आत खेळलीस आणि ते पुन्हा तुटलं, तर कबड्डीही जाईल आणि भरतीतलं धावणंही.

समीक्षाही दोन बोटांनी कलंडली आणि कडं घातल्यावर हलली नाही. तिनं वाकून गुडघ्याचा पट्टा सोडला आणि वडिलांच्या, रामरावांच्या हातात दिला.

अनघा पुढे झाली. तिनं सगळं समजावून सांगितलं. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी बसवलेली असते. दुखणं तीन-चार महिन्यांत जातं, पण त्या दोरीला नवं काम शिकून घट्ट व्हायला कितीतरी वेळ लागतो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग रामराव तितक्याच शांतपणे म्हणाले, "म्याडम, तुम्ही पाच महिन्यांत पोरीले एक उडी मारू देली नाही. महाराजांनं पाच मिन्टांत उभी केली."

यावर द्यायची उत्तरं अनघाला घरी जाताना बसमध्ये सुचली. त्याचा आणखीच संताप आला.

त्या रात्री तिनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ हळू गतीनं पाहिला. एकदा, दोनदा, अकरा वेळा. मग बँकेत नोकरीला असलेल्या भावाला, मंदारला, दिवाणखान्यात पाय जोडून उभं केलं. दुसऱ्या पाडण्यानंतर त्यानं विचारलं, ही पदवी घ्यायला खरंच नागपूरला जावं लागतं का. सहाव्यांदा अनघाला जे हवं होतं ते सापडलं.

शनिवारी महाराज संघाला आशीर्वाद द्यायला परत आले. अनघा पिशवीत क्रेप बँडेजच्या गुंडाळ्या घेऊन गेली. तिची मागणी साधी होती. खेळाडूच्या मनगटावर बँडेज गुंडाळायचं. आत कधी कडं असेल, कधी नसेल. महाराजांना ते माहीत नसेल. दहा वेळा दाबून त्यांनी फक्त ओळखायचं.

महाराज हसले. "देवाची परीक्षा घ्यायची नसते, बेटी."

"बुधवारी तर सायन्स होतं," अनघा म्हणाली. "देव केव्हा आला?"

मागची पोरं खिदळली. महाराजांनी डोळे मिटून जाहीर केलं की शंका घेणाऱ्यासमोर कडं काम करत नाही.

"मग माझ्यासमोर हे काम करतं का बघू." अनघानं जेवणाच्या डब्याचं रबर काढलं आणि संघाचे प्रशिक्षक नेमसिंग राठोड यांना उभं राहायची विनंती केली. रबराशिवाय दोन बोटांनी दाबलं तर नेमसिंग सर कलंडले. मनगटात रबर घातलं, अनघा त्यांच्या हातावर सगळा भार टाकून लटकली, आणि सर हलले नाहीत.

लोक माना पुढे काढून रबराकडे बघू लागले. आता डोळे उघडतील, अनघाला वाटलं. तेवढ्यात शेंगा विकणाऱ्या हंसाबाई टोपली बाजूला ठेवून पुढे आल्या.

"म्याडम, ते रबर मले देता काय? माह्या कमरेले बांधतो."

मागून आणखी तीन हात पुढे आले. साडेचार वर्षं पदवी, वर दीड वर्ष पदव्युत्तर, आणि एका मिनिटात आपणच बुवा झालो. अनघाला रडू आणि हसू एकदमच फुटायला आलं.

तिनं रबर पिशवीत टाकलं. "हंसाबाई, रबर राहू द्या. तुम्हीच पाडा सरांना. मनगटावर बोटं ठेवा आणि खाली दाबता दाबता थोडं बाहेर ओढा, अंगापासून लांब."

हंसाबाईंनी बोटं ठेवली. नेमसिंग सर दुसऱ्यांदा कलंडले आणि बंजारा बोलीत काहीतरी पुटपुटले.

"आता कोपराजवळ धरा. सगळा जोर लावा, पण त्यांच्या अंगाकडे."

हंसाबाई लटकल्या. पायातली चप्पल निघाली, सर हलले नाहीत. त्यांच्या मनगटात ना कडं होतं, ना रबर.

"बाहेर ओढलं तर माणसाचा तोल पावलांच्या बाहेर जातो आणि तो पडतो," अनघा म्हणाली. "आत दाबलं तर तुमचा भार त्याच्याच पायांवर येतो. तो आणखी घट्ट रोवला जातो. महाराजांची बोटं पहिल्यांदा मनगटावर असतात, दुसऱ्यांदा कोपराजवळ सरकतात. फुगलेल्या शिरा आपल्याला दाखवण्यासाठी. एवढंच आहे ते. करून बघा."

आणि लोकांनी करून पाहिलं. पाच मिनिटांत मैदानभर माणसं एकमेकांना पाडू लागली. त्या गोंधळात महाराज शक्तीचा अपमान झाला असं म्हणत गाडीत बसले. जाताना त्यांचा चेला आर्णीच्या पुढच्या कार्यक्रमाचा पत्ता ओरडून सांगत होता, आणि एक-दोघं तो लिहूनही घेत होते.

समीक्षा मात्र कुणाला पाडत नव्हती. ती अनघासमोर येऊन उभी राहिली, मनगटात कडं तसंच.

"कडं खोटं, मानलं. पण माहा गुडघा दुखून नाही राह्यला, हे तं खोटं नाही न? उद्या मी खेळतो."

अनघाकडे याचं उत्तर होतं, बुधवारी दिलेलंच. तेच पुन्हा सांगायला तिनं तोंड उघडलं, पण रामरावच आधी बोलले. एवढा वेळ ते हंसाबाईंच्या हाताकडे बघत उभे होते.

"पुसदच्या बाजारात मी एक डाव असाच फसलो होतो," ते म्हणाले. "व्यापाऱ्यानं लंगडा बैल उतारावर असा उभा केला का चारही पाय सारखे दिसत. उभा बैल पाहून घेतला मी. घरी आणला तं चालेना. तवापासून चालवून पाह्यल्याशिवाय घेत नाही. म्याडम, या पोरीले चालवून पाहाची काही रीत हाये का तुमच्यात?"

होती. गेले पाच महिने अनघा शब्दांनी जे पटवायला झटत होती, ते बैलाच्या एका सौद्यानं झालं होतं. तिनं समीक्षाला मैदानाच्या ओट्यावर बसवलं. हात छातीशी घ्यायचे, एक पाय उचलायचा, दुसऱ्यावर उठायचं, बसायचं. आधी चांगला पाय. पोरांनी मोठ्यानं मोजलं. बावीसला अनघानं थांबवलं.

मग ऑपरेशनचा पाय. "कडं असू दे हातात," अनघा म्हणाली.

एक झालं. दुसऱ्या वेळी गुडघा थरथरला. तिसऱ्या वेळी ती कशीबशी उठली, पण गुडघा आतल्या बाजूला कलला, सगळ्यांनी पाहिलं, आणि समीक्षा ओट्यावर परत आदळली. चौथ्यांदा तिला उठताच आलं नाही. दुखत काहीच नव्हतं.



रामराव नेमसिंग सरांकडे वळले. "सर, यादीतून नाव काढा पोरीचं."

समीक्षाचे डोळे भरले, पण तिला राग महाराजांचा आला नव्हता. "या निवडीची वर्षभर वाट पाह्यली मी," ती अनघाला म्हणाली. "तुमचं काय जाते? तुमच्या फायलीत एक आकडा."

अनघाला ते लागलं, कारण मार्गदर्शक सरांनी फोनवर जवळपास हेच सांगितलं होतं. "जातं ते तुझंच," ती म्हणाली. "म्हणून महाराजांचं ऐकू नकोस. आणि माझंही नुसतं मॅडम म्हणतात म्हणून ऐकू नकोस. कुणीही काहीही सांगितलं तरी त्याला म्हणायचं, मोजून दाखवा. मोजू देत नसेल तर तिथून उठायचं. हा पाय त्या पायाच्या जवळपास आला, नऊ महिने भरले, की पुढच्या निवडीला मीच तुला यवतमाळला नेते. आज तीन झाले. आपण दोघींनी मोजले."

नेमसिंग सरांनी पेनानं नाव खोडलं. खोडून झाल्यावरही ते यादीकडे बघत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "अमरसिंग, तुहा घोटा दोनदा मुरगळला होता न या साली? बस ओट्यावर."

"सर, मी ठीक हावो."

"बस म्हणलं न. अन् त्याच्या मागं बाकीचे बी या. एकेक जण." त्यांनी कपाळावर हात मारला. "उद्या मी संघ कोणाले घेऊन जाऊ, देव जाणे."

अमरसिंग कुरकुरत बसला आणि त्यानं एक पाय उचलला. मोजायला कुणी तोंड उघडत नव्हतं. समीक्षानं बाहीनं नाक पुसलं, मनगटातलं कडं काढून ओट्यावर ठेवलं आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली.

"एक. नीट बस खाली, हा मोजत नाही मी. पुन्हा एकपासून."