गळ्यापर्यंत बटणं

आईला पक्षाघात झाला, डावा हात लुळा पडला, आणि लेकीने तिला वृद्धाश्रमात ठेवलं. लेकीची नोकरी पाळ्यांची. घरी बघायला दुसरं कुणी नव्हतं.

आईने कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं कटिंग केलं होतं. झालरींचे हजारो फ्रॉक तिच्या कात्रीखालून गेले, पण ती स्वतः कायम गडद निळा, कॉलरचा शर्ट घालायची, गळ्यापर्यंत बटणं लावून. बायका हसायच्या. ती हसू द्यायची.

वृद्धाश्रमात सगळ्यांना एकच गाऊन, मागून नाड्यांचा. आईने पहिल्याच दिवशी साफ नाही म्हटलं.

"बटणं लावण्यात दहा मिनिटं जातात हो," मेट्रन लेकीला म्हणाली. "चाळीस माणसं आहेत माझ्याकडे. आणि या वयात फॅशन कसली?"

"फॅशन मी लोकांना कापून दिली," आई पलंगावरून जड जिभेने म्हणाली. "दर मोसमाला वेगळी. हे मला आवडतं, म्हणून घालते."

"एकच की ते!" मेट्रन म्हणाली.

लेक मेटाकुटीला आली होती. ही जागा हातची गेली तर दुसरी कुठून आणायची? "घाल ना गं गाऊन," ती खेकसली. "इथे कोण बघतंय तुला?"

आईने तिच्याकडे बघितलं आणि गाऊन घातला.

तेव्हापासून ती खोलीबाहेर पडेना. पाठ उघडी टाकून चार माणसांत कशी जाणार? ना व्यायाम, ना जेवणघर. लेकीला अपराधी वाटू लागलं. तिने एक शर्ट पाठीत उभा कापला, नाड्या लावल्या, पुढची बटणं कायमची शिवून टाकली. आईने उजव्या हाताने शिवण चाचपली.

"टीप वाकडी आलीये."

पण घातला. त्या दुपारी चाकाच्या खुर्चीत ताठ बसून सगळ्यांबरोबर जेवली.

चौथ्या दिवशी शर्ट धुवायला गेला. धुणाऱ्या बाईला वाटलं, पाठीत फाटलाय. तिने त्याची फडकी केली.

लेकीने दुसरा शिवायला घेतला. पुरा करायला सुट्टी रविवारीच मिळणार होती. आई पुन्हा गाऊनमध्ये, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. पडून पडून छातीत कफ साठला, ताप चढला. शनिवारी सकाळी ती गेली.

"शेवटी शेवटी काही त्रास नाही दिला हो त्यांनी," मेट्रन कळवळून म्हणाली. "जे घालू ते घालून घ्यायच्या."

लेकीने आईच्या चपला पिशवीत भरल्या.